हॅम रेडिओचा पहिला परवाना: अभ्यास, परीक्षा आणि पहिला संपर्क

प्रश्न असा आहे: हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर केल्या जाणाऱ्या रेडिओ संपर्काचा, सुरुवातीच्या श्रेणीचा परवाना काढायचा आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो नाही, शाळा सुटल्यापासून गणिताला हात लावलेला नाही. परीक्षा कितपत अवघड असते, मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) यावंच लागतं का, आणि बोलण्या-ऐकण्याचा सेट आधी घ्यावा की परीक्षा आधी द्यावी?

शेवटून सुरुवात करतो, कारण नवीन माणूस घाई करतो ती तिथेच. सेट सगळ्यात शेवटी, परीक्षा त्याआधी. आणि परीक्षेच्याही आधी, अगदी आजपासून, ऐकायला लागा. नव्या लोकांना परीक्षेसाठी तयार करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. जो ऐकत ऐकत अभ्यास करतो त्याला पुस्तक समजतं. जो नुसतं पुस्तक वाचतो तो पासही होतो, पण परवाना हातात आल्यावर माइकचं बटण दाबायला कचरतो. कित्येकांचे परवाने असेच फायलीत पडून राहतात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

ऐकण्यासाठी काही विकत घ्यायची गरज नाही. नेदरलँड्समध्ये ट्वेंटे विद्यापीठातल्या रेडिओ क्लबने एक रिसीव्हर इंटरनेटला जोडून ठेवला आहे. वेबएसडीआर या नावाने शोधलंत की सापडेल. तो साधारण ० ते २९ मेगाहर्ट्झपर्यंतचा सगळा पट्टा एकाच वेळी पकडतो आणि जगभरातले लोक आपापल्या ब्राउझरमधून हवी ती फ्रिक्वेन्सी लावून ऐकतात. तिथे ४० मीटर बँडवर, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झवर जा, मोड एलएसबी ठेवा आणि फ्रिक्वेन्सी अगदी सावकाश सरकवा. सुरुवातीला चिरके, घोगरे, न कळणारे आवाज येतील. मग एखाद्या ठिकाणी तो घोगरेपणा ओसरतो आणि माणसाचा सरळ आवाज ऐकू येतो.

असं का होतं, हे समजलं की परीक्षेतला एक अख्खा विषय समजला. साध्या रेडिओ केंद्राच्या एएम प्रक्षेपणात एक वाहक लहर असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना आवाजाच्या दोन सारख्या प्रती. हॅम मंडळी शक्ती आणि जागा वाचवण्यासाठी वाहक लहर काढून टाकतात, एक बाजूही काढून टाकतात आणि उरलेली एकच बाजू पाठवतात. हीच सिंगल साइडबँड. काढून टाकलेली वाहक लहर ऐकणाऱ्याच्या रिसीव्हरने परत तयार करायची असते. ती शे-दोनशे हर्ट्झनेही चुकली तरी आवाज किनरा किंवा जाड होतो. तुम्ही फ्रिक्वेन्सी सरकवत होतात तेव्हा हीच लहर जागेवर आणत होतात. साधारणपणे १० मेगाहर्ट्झच्या खाली खालची बाजू म्हणजे एलएसबी आणि वर वरची बाजू म्हणजे यूएसबी वापरायची, ही हॅम लोकांची जुनी रीत. एकदा कानाने अनुभवलेली ही गोष्ट पाठ करावी लागत नाही.

दुसरा प्रयोग. तोच रिसीव्हर, तोच बँड, पण एकदा तिथल्या भर दुपारी ऐका आणि एकदा तिथे रात्र असताना. दुपारी आसपासच्या देशांतली, काहीशे किलोमीटरच्या टप्प्यातली केंद्रं मिळतील. रात्री समुद्रापलीकडची मिळू लागतील. पृथ्वीच्या वर आयनांबराचे, म्हणजे विद्युतभारित हवेचे, थर आहेत. त्यातला सर्वांत खालचा डी थर दिवसा सूर्यप्रकाशामुळे तयार होतो आणि कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो. मग लहरी थेट वरच्या एफ थरापर्यंत पोचतात आणि तिथून वळून हजारो किलोमीटरवर उतरतात. उलट २० मीटरसारखा वरचा बँड, १४.० ते १४.३५ मेगाहर्ट्झचा, दिवसा जोरात चालतो आणि रात्री पुष्कळदा थंडावतो. सूर्यावरच्या डागांचं साधारण ११ वर्षांचं चक्र या सगळ्यावर स्वार असतं. परीक्षेत ‘दिवसा कोणता थर लहरी शोषतो’ असा प्रश्न येतो तेव्हा ज्याने हे ऐकलेलं आहे त्याला पर्याय वाचावे लागत नाहीत.

ऐकताना वही जवळ ठेवा. वेळ (यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, कारण जगभरचे हॅम तीच वेळ लिहितात), फ्रिक्वेन्सी, मोड आणि ऐकू आलेली कॉलसाइन. कॉलसाइन म्हणजे प्रत्येक हॅमला सरकारने दिलेलं, जगात एकमेव असं नाव. सुरुवातीची अक्षरं देश सांगतात: व्हीयू म्हणजे भारत, जेए म्हणजे जपान, डीएल म्हणजे जर्मनी, जी किंवा एम म्हणजे ब्रिटन, आणि डब्ल्यू, के, एन म्हणजे अमेरिका. त्यानंतर एक आकडा, मग त्या व्यक्तीची किंवा संस्थेची अक्षरं. ‘डब्ल्यू वन ए डब्ल्यू’ हे अमेरिकेतल्या एआरआरएल या १९१४ साली सुरू झालेल्या हॅम संस्थेचं केंद्र आहे. हवेवर ते ‘व्हिस्की वन अल्फा व्हिस्की’ असं ऐकू येईल. ही अल्फा, ब्राव्हो, चार्लीची अक्षरमाला आठवडाभरात तोंडात बसवा. रस्त्यावरच्या गाड्यांच्या नंबरप्लेटा तिच्यात वाचत चला. खरखरीतून आलेली कॉलसाइन पहिल्या झटक्यात लिहिता येऊ लागली की समजा, निम्मा ऑपरेटर तयार झाला.

आता परीक्षेकडे. मुळात परीक्षा का असते, हे कळलं की अभ्यासक्रमाची रचना आपोआप उलगडते. मोबाइल, वायफाय, टॅक्सीतला वायरलेस या सगळ्यांमध्ये सरकार यंत्राला मान्यता देतं. यंत्र ठरलेल्या चौकटीबाहेर जाऊच शकत नाही, मग वापरणारा कोणीही असो. हॅम रेडिओत मान्यता माणसाला मिळते. हॅमला स्वतःच्या हाताने ट्रान्समीटर बनवून तो हवेवर आणायची मुभा आहे. इतकी मोकळीक द्यायची तर तो माणूस दुसऱ्याच्या दळणवळणात व्यत्यय आणणार नाही आणि स्वतःला किंवा शेजाऱ्याला इजा करणार नाही, एवढी खात्री सरकारला हवी. अभ्यासक्रमातला प्रत्येक धडा या दोनपैकी कुठल्या तरी कारणासाठी आहे. हे डोक्यात ठेवून वाचलंत तर एरवी कोरडे वाटणारे नियमही सयुक्तिक वाटतील.

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने, म्हणजे आयटीयूने, हौशी रेडिओसेवेची व्याख्या केली आहे. स्वतः शिकणं, आपसात संपर्क आणि तांत्रिक शोध यांसाठी, आर्थिक लाभाशिवाय, रीतसर परवानगी मिळालेल्या लोकांनी चालवलेली सेवा असा तिचा आशय. धंद्याचं बोलणं का चालत नाही, पैसे घेऊन निरोप का पोचवायचा नाही, गाणी का लावायची नाहीत, सांकेतिक भाषेत अर्थ लपवून का बोलायचं नाही, यांची उत्तरं या व्याख्येतच आहेत.

प्रत्येक देश आपापली परीक्षा घेतो, पण पहिल्या पायरीचं स्वरूप बरंच सारखं असतं. अमेरिकेत पहिल्या पायरीला टेक्निशियन म्हणतात. ३५ बहुपर्यायी प्रश्न, २६ बरोबर आले की पास, वयाची अट नाही आणि सगळी प्रश्नपेढी उत्तरांसह आधीच जाहीर असते. ब्रिटनमध्ये फाउंडेशन आहे. २६ प्रश्न, पास व्हायला १९, आणि परीक्षा घरून ऑनलाइन देखरेखीखाली देता येते. जर्मनीने २०२४ मध्ये नवोदितांसाठी एन नावाचा नवा वर्ग सुरू केला. जपानमध्ये सर्वांत खालचा वर्ग चौथा. भारतात दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन शाखेकडून परीक्षा होते आणि पहिली पायरी म्हणजे रिस्ट्रिक्टेड श्रेणी. तिची कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होते, वरच्या जनरल श्रेणीची व्हीयू२ ने. शुल्क, अर्जाची पद्धत आणि मिळणारे बँड यांत बदल होत राहतात. म्हणून या गोष्टी नेहमी आपल्या देशाच्या नियामकाच्या चालू नियमावलीतूनच तपासा, जुन्या माहितीवर विसंबू नका.

अवघड किती? पहिली पायरी शाळेच्या विज्ञानाच्या वर जात नाही. रोज तासभर मनापासून दिलात तर महिना-दीड महिना पुरतो. माझा अनुभव असा की इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेले लोक नियम मन लावून वाचतात आणि पास होतात. अडकतो तो पुष्कळदा इंजिनिअर. तंत्राचा भाग त्याला पाणी पिण्याइतका सोपा जातो आणि नियमांच्या भागाकडे तो पाहतही नाही. जिथे दोन्ही भागांत वेगवेगळं पास व्हावं लागतं, तिथे हे महागात पडतं.

गणिताची भीती वाटते म्हणालात, तर तीन सूत्रं सांगतो. दाब (व्होल्टमध्ये) म्हणजे प्रवाह (अँपिअरमध्ये) गुणिले रोध (ओहममध्ये). शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. आणि मीटरमधली तरंगलांबी म्हणजे ३०० भागिले मेगाहर्ट्झ. पहिल्या पायरीचं गणित जवळजवळ सगळं यातून निघतं, फक्त ती सूत्रं खऱ्या वस्तूंना लावून पाहा.

१०० वॉटचा एक नेहमीचा एचएफ, म्हणजे लघुलहरींचा, सेट घ्या. तो १३.८ व्होल्टवर चालतो आणि बोलताना साधारण २० अँपिअर ओढतो. १३.८ गुणिले २० म्हणजे २७६ वॉट. अँटेनाकडे गेले १०० आणि उरलेले १७६ वॉट उष्णता झाले. सेटच्या पाठीवर एवढी जाड ॲल्युमिनियमची पाती आणि पंखा का असतो, ते कळलं? आता त्या सेटला वीज नेणारी तार बघा. जाता-येताचा तिचा रोध फक्त ०.०५ ओहम धरला तरी २० अँपिअरला त्यात १ व्होल्ट जिरतो. पुरवठा १३.८ चा, सेटला मिळतात १२.८. तार आणखी बारीक असेल तर बोलताना सेट मध्येच बंद पडेल आणि ऐकताना मात्र ठणठणीत चालेल, कारण ऐकताना प्रवाह जेमतेम एक-दोन अँपिअर असतो. नवीन हॅमच्या सेटमधला हा सर्रास आढळणारा दोष आहे आणि त्याचं निदान ओहमच्या एका ओळीत होतं.

तिसरं सूत्र अँटेनासाठी. ७.१ मेगाहर्ट्झसाठी डायपोल, म्हणजे दोन तारांची अँटेना, करायची आहे. ३०० भागिले ७.१ म्हणजे ४२.२५ मीटर. अर्धी लांबी २१.१. प्रत्यक्ष तार त्याहून सुमारे ५ टक्के आखूड लागते, कारण तारेच्या टोकांचा परिणाम होतो. म्हणजे साधारण २०.१ मीटर. मधोमध कापली की दोन्हीकडे दहा-दहा मीटर. दोन साध्या तारा, मध्ये सेटकडे जाणारी कोॲक्स केबल, टोकांना दोरी. याच अँटेनावर लोक खंड ओलांडतात. कापताना तार हिशेबापेक्षा थोडी लांब ठेवा. जास्तीची तार छाटता येते.

डेसिबलने लोक बिचकतात, पण पहिल्या परीक्षेपुरते दोन आकडे बास: ३ डेसिबल म्हणजे शक्ती दुप्पट किंवा निम्मी, १० डेसिबल म्हणजे दहापट. केबलमध्ये ३ डेसिबल गेले तर सेटमधून निघालेल्या १० वॉटमधले ५ वॉटच अँटेनाला पोचले. आणि केबल तीच असली तरी फ्रिक्वेन्सी वाढली की तिच्यातली तूट वाढते, म्हणून ७ मेगाहर्ट्झला चाललेली बारीक केबल ४३५ मेगाहर्ट्झला चालेलच असं धरू नका.

हार्मोनिक हाही हमखास येणारा विषय. ट्रान्समीटर मूळ फ्रिक्वेन्सीबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट फ्रिक्वेन्सीवरही थोडं काही सोडतो. ५०.१ मेगाहर्ट्झची दुप्पट १००.२, म्हणजे थेट एफएम रेडिओच्या पट्ट्यात. शेजाऱ्याचा रेडिओ तुमच्यामुळे खरखरू लागला तर पहिला संशय इथे घ्यायचा आणि ट्रान्समीटरच्या पुढे लो-पास फिल्टर, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारी गाळणी, लावायचा. १४५ ची तिप्पट ४३५, म्हणजे दुसरा हॅम बँडच.

प्रश्नपेढीबद्दल मला ठामपणे सांगायचं आहे. उत्तरं पाठ करून पास होता येतं, पण तसं करू नका. धडा आधी वाचा, मग त्याच धड्याचे प्रश्न सोडवा. चुकलेला प्रश्न वहीत उतरवा आणि त्यापुढे बरोबर पर्याय का बरोबर, हे स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहा. ती ओळ लिहिता आली नाही तर धडा परत वाचायचा. सराव परीक्षेत पासापुरते गुण एकदा मिळाले म्हणून निघू नका. दर वेळी त्याच्या बरेच वर मिळू लागले की तारीख घ्या.

मोर्सचं उत्तर थोडक्यात: पहिल्या पायरीला जवळजवळ कुठेच लागत नाही. पूर्वी लघुलहरींवर बोलायचं तर मोर्स येणं आंतरराष्ट्रीय नियमानेच सक्तीचं होतं. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ती सक्ती उठली आणि निर्णय देशांवर सोपवला गेला. अमेरिकेने २००७ मध्ये मोर्सची चाचणी पूर्णपणे बंद केली. भारतात रिस्ट्रिक्टेड श्रेणीला ती नाही, जनरलला मात्र घेण्याची पद्धत आहे. परीक्षेत नसलं तरी पुढे सवडीने शिका असंच मी सांगेन. थोड्याशा वॉटमध्ये, खरखरीतही मोर्स पोचतं, आणि हाताने बनवायला सर्वांत सोपा ट्रान्समीटर मोर्सचाच. शिकताना कागदावरचे टिंब-रेघांचे तक्ते बाजूला ठेवा. प्रत्येक अक्षर पहिल्यापासून पूर्ण वेगाने ऐका आणि दोन अक्षरांमधलं अंतर मोठं ठेवा. ‘क्यू’चं अक्षर डा-डा-डी-डा अशा चालीनेच कानात बसलं पाहिजे. तक्ता पाठ करणारे लोक डोक्यात टिंबं मोजत राहतात आणि ठरावीक वेगाच्या पुढे जाऊच शकत नाहीत.

सुरक्षिततेचे प्रश्न सोपे असतात, म्हणून त्यांच्यावरून भरभर जाऊ नका. अँटेना उभारताना विजेच्या तारांना लागून माणसं दगावलेली आहेत. अमेरिकी टेक्निशियन परीक्षेत याचा एक नियम विचारतात आणि तो कुठल्याही देशात पाळण्यासारखा आहे: अँटेना किंवा खांब कोसळला तरी त्याचा कुठलाही भाग वीजवाहिनीच्या १० फुटांच्या आत येता कामा नये. म्हणजे अंतर मोजायचं ते उभ्या खांबाचं नाही, पडलेल्या खांबाचं. वादळाची चाहूल लागली की केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेवा. आणि कोणी ट्रान्समिट करत असताना अँटेनाच्या टोकाला हात लावू नका. डायपोलच्या टोकांवर दाब सर्वांत जास्त असतो आणि रेडिओ लहरींचा भाजलेला डाग खोलवर जातो.

ओळखीचा एखादा अनुभवी हॅम मिळाला तर अभ्यासाला वेग येतो. जवळपास प्रत्येक देशात हॅम लोकांची एक राष्ट्रीय संस्था असते आणि ती १९२५ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघाची, आयएआरयूची, सदस्य असते. तिच्याकडून जवळच्या क्लबचा पत्ता मिळतो. क्लबच्या केंद्रावर परवानाधारकाच्या शेजारी बसून एक संध्याकाळ नुसतं बघितलंत तरी पुस्तकातली चार प्रकरणं डोळ्यांसमोर उभी राहतील. काही देशांत परवानाधारक समोर असताना नवख्याला माइकवर बोलू देतात. तुमच्याकडे तसं चालतं का, हे आधी विचारून घ्या.

पास झाल्यावरचा कागदोपत्री भाग देशागणिक वेगळा. कुठे काही दिवसांत कॉलसाइन येते, कुठे ओळखपत्र, पत्ता, पडताळणी यात महिने जातात. अर्जातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः सारखं आहे ना, ते पाहा. बरेच अर्ज एवढ्याशा फरकावर अडकतात. निकाल लागला आणि कॉलसाइन अजून आलेली नाही, या मधल्या काळात स्वतःहून ट्रान्समिट करू नका. पास होणं वेगळं, परवाना मिळणं वेगळं. भारतासारख्या काही देशांत तर बोलणारा सेट नुसता जवळ बाळगायलाही अधिकृत परवानगी लागते, म्हणून सेट शेवटी घ्या असं सुरुवातीलाच म्हटलं.

आणि आता तो सेट. बहुतेक जण पहिल्यांदा हातात मावणारा व्हीएचएफ-यूएचएफ, म्हणजे लघुलहरींच्या वरच्या फ्रिक्वेन्सींचा, सेट घेतात. स्वस्त आणि सुटसुटीत असतो, हे खरं. पण त्याच्या लहरी आयनांबरावरून वळत नाहीत, जवळपास नजरेच्या टप्प्यातच जातात. ५ वॉटचा असा सेट इमारतींच्या गर्दीत दोन-चार किलोमीटरला दमतो. डोंगरावरचा किंवा उंच इमारतीवरचा रिपीटर मिळाला तर तोच सेट अख्खं शहर गाठतो. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर तुमचं ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर ते जोराने परत सोडतो. २ मीटर बँडवर या दोन फ्रिक्वेन्सींत बहुतेक ठिकाणी ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. म्हणून विकत घेण्याआधी आपल्या परिसरात चालू रिपीटर आहे का, त्यावर खरंच कोणी बोलतं का, हे शोधा. नसेल तर तो सेट कपाटात जाईल आणि त्याच्याबरोबर तुमचा उत्साहही. आणखी एक: यातले बरेच स्वस्त सेट हॅम बँडच्या बाहेरही ट्रान्समिट करू शकतात. सेटला जमतं म्हणून तुम्हाला परवानगी आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

तुमच्या परवान्यात लघुलहरींचे बँड असतील तर कमी शक्तीचा एचएफ सेट आणि वर हिशेब केलेली डायपोल, असं मी सुचवेन. १० वॉटला कमी समजू नका. ब्रिटनच्या फाउंडेशन परवान्याची कमाल मर्यादा बरीच वर्षं १० वॉटच होती, २०२४ मध्ये ती २५ झाली, आणि त्या १० वॉटवर असंख्य लोकांनी दूरदूरचे देश गाठले. संगणक जोडायची आवड असेल तर एफटी८ हा संगणकी मोड बघा. नोबेल विजेते खगोलभौतिकशास्त्रज्ञ जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये तो आणला. कानाला ऐकूही येणार नाहीत इतके क्षीण संकेत तो १५ सेकंदांच्या खेपांमध्ये वाचतो. तरी पहिले काही संपर्क आवाजानेच करा असा माझा आग्रह राहील. एफटी८ मध्ये दोन संगणक बोलतात आणि माणसाशी बोलायची भीड तशीच राहते.

हातातल्या सेटवर परवान्याआधीही करता येण्यासारखं एक काम आहे, जिथे तसा सेट किंवा साधा स्कॅनर (नुसता ऐकण्याचा सेट) बाळगायला परवानगी आहे तिथे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हॅम रेडिओ आहे आणि त्याचं प्रक्षेपण १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतं. स्थानक तुमच्या आकाशातून कधी जाणार, ती वेळ काढा आणि मोकळ्यावर उभे राहा. जवळ येताना फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत वर आणि दूर जाताना तेवढीच खाली सरकलेली मिळेल. डॉप्लर परिणाम शाळेत वाचला असेल, इथे तो डायलवर दिसतो.

पहिल्या संपर्काची तयारी कागदावर करा. मोठ्या अक्षरांत स्वतःची कॉलसाइन, तिची अल्फा-ब्राव्होतली फोड, नाव, गावाचं नाव. मग एखादी मोकळी वाटणारी फ्रिक्वेन्सी निवडा आणि थोडा वेळ नुसतं ऐका. ‘ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?’ असं विचारा, थांबा, परत विचारा. दोघं तिथे आधीच बोलत असतात आणि त्यातल्या एकाचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतच नाही, असं नेहमी होतं. उत्तर आलं नाही तर ‘सीक्यू, सीक्यू, सीक्यू’ (म्हणजे ‘ऐकणाऱ्या कोणीही उत्तर द्या’) आणि आपली कॉलसाइन दोन-तीनदा, सावकाश. बटण सोडा आणि ऐका. लांबलचक सीक्यू देऊ नका. कोणी उत्तर दिलं की आधी त्याची कॉलसाइन लिहा, मग त्याला त्याचा रिपोर्ट द्या. आवाज किती स्पष्ट, हे १ ते ५ आणि संकेत किती जोरदार, हे १ ते ९. उत्तम असेल तर ‘फाइव्ह नाइन’. पण आवाज अर्धाच कळत असेल तर खरा रिपोर्ट द्या. समोरचा त्यावरून अँटेना फिरवणार असतो. नाव, ठिकाण सांगा, आणि काही कळलं नाही तर बिनदिक्कत परत विचारा. ‘हा माझा पहिला संपर्क आहे’ असं सांगितलंत तर पलीकडचा माणूस वेग कमी करेल. हॅम लोकांत हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे: नवख्याला थांबून सांभाळून घेतात, कारण प्रत्येकाला कोणीतरी तसं घेतलेलं असतं. शेवटी ‘सेव्हन्टी थ्री’, म्हणजे शुभेच्छा, आणि लॉगमध्ये नोंद.

वरच्या श्रेणीची घाई करू नका. वर्षभर या पायरीवर बोला, दोन अँटेना स्वतः बांधा, मग पुढची परीक्षा बरीच सोपी जाईल. तोवर एवढं कळवा की तुम्ही कोणत्या देशाचा परवाना घेणार आहात, आणि राहता त्या जागी दहा-दहा मीटरच्या दोन तारा ताणायला गच्ची, अंगण किंवा झाड आहे का. जागा कमी असेल तर तार तिरकी खाली आणून किंवा टोकं दुमडूनही चालते, पण ते कसं करायचं हे जागा पाहूनच ठरवावं लागतं.